उन्हाळी वेळ आणि जुने ई-मेल सर्व्हर

वर्षाच्या ठराविक कालावधीत घड्याळे साधारणतः एक तासाने पुढे करून जी नागरी वेळ पाळली जाते, तिला उन्हाळी वेळ किंवा दिवाप्रकाश-बचत वेळ असे म्हणतात. ही वेळ सुरू होण्याच्या व संपण्याच्या तारखा निसर्गनियमाने ठरत नाहीत. त्या त्या देशाच्या कायद्याने ठरतात आणि कायदा बदलला की त्याही बदलतात. ई-मेल स्वीकारणारे, साठविणारे व पाठविणारे जे मध्यवर्ती सेवा-संगणक म्हणजे सर्व्हर असतात, त्यांना या तारखा अगोदरच सांगून ठेवाव्या लागतात. सर्व्हर जुना असून त्यातील नियम कालबाह्य झाले असतील, तर वर्षातील काही आठवडे त्याने दाखविलेली वेळ एका तासाने चुकते. पत्रांच्या वाटपात या चुकीने क्वचितच बिघाड होतो. परंतु त्याच सर्व्हरवर ठेवलेल्या दिनदर्शिकेतील भेटी, बैठका व इतर नियोजित कार्यक्रम मात्र त्यामुळे जागचे हलतात. २००७ मध्ये अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडाचा बहुतेक भाग यांतील उन्हाळी वेळेच्या तारखा बदलल्या, तेव्हा हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर अनुभवास आला.

पार्श्वभूमी : न्यूझीलंडमधील कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज हडसन यांनी १८९५ मध्ये उन्हाळ्यात घड्याळे दोन तासांनी पुढे करावीत, अशी सूचना मांडली. इंग्‍लंडमध्ये विल्यम विलेट यांनी १९०७ मध्ये पुस्तिका काढून अशाच सुधारणेचा पुरस्कार केला; एप्रिलमधील चार रविवारी प्रत्येकी वीस मिनिटे घड्याळ पुढे न्यावे, अशी त्यांची योजना होती. प्रत्यक्ष अंमल मात्र पहिल्या महायुद्धातील इंधनटंचाईमुळे झाला. जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी यांनी ३० एप्रिल १९१६ रोजी घड्याळे पुढे केली व त्याच वर्षी ब्रिटनने त्यांचे अनुकरण केले. अमेरिकेत ही पद्धत १९१८ मध्ये आली. पुढे १९६६ च्या एकरूप वेळ अधिनियमाने उन्हाळी वेळ एप्रिलमधील शेवटच्या रविवारी सुरू होऊन ऑक्टोबरमधील शेवटच्या रविवारी संपावी, असे ठरले. १९८७ पासून तिचा आरंभ एप्रिलमधील पहिल्या रविवारी होऊ लागला. ऊर्जा धोरण अधिनियम, २००५ अन्वये हा कालावधी पुन्हा वाढविण्यात आला आणि २००७ पासून मार्चमधील दुसरा रविवार ते नोव्हेंबरमधील पहिला रविवार अशी मर्यादा लागू झाली. अ‍ॅरिझोना राज्याचा बहुतेक भाग व हवाई हे राज्य यांत उन्हाळी वेळ पाळली जात नाही. यूरोपीय संघात मार्चमधील शेवटचा रविवार ते ऑक्टोबरमधील शेवटचा रविवार असा नियम आहे. भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या वर्षांत, प्रमाण वेळ एका तासाने पुढे करण्यात आली होती. त्यानंतर मात्र भारतीय प्रमाण वेळ वर्षभर एकच राहिलेली आहे [→ कालमापन].

संगणकातील वेळ : सुव्यवस्थित संगणक आपले अंतर्गत घड्याळ स्थानिक वेळेनुसार चालवीत नाही. युनिक्स व तिच्यापासून निघालेल्या परिचालन प्रणालींमध्ये १ जानेवारी १९७० च्या जागतिक मध्यरात्रीपासून उलटलेले सेकंद मोजले जातात. विंडोज प्रणालीचे गणनवर्ष वेगळे असले, तरी तिचाही अंतर्गत हिशेब समन्वित जागतिक वेळेतच असतो. या मोजणीत उन्हाळी वेळेला स्थान नाही. माणसाला वेळ दाखविण्याचा प्रसंग आला, की संगणक त्या ठिकाणचे वेळांतर—म्हणजे जागतिक वेळ व स्थानिक वेळ यांतील फरक—मिळवून किंवा वजा करून स्थानिक वेळ काढतो. न्यूयॉर्कचे वेळांतर हिवाळ्यात उणे पाच तास, तर उन्हाळ्यात उणे चार तास असते. पुण्याचे वर्षभर अधिक साडेपाच तास असते. कोणत्या तारखेला कोणते वेळांतर धरावयाचे, हे सांगणारा नियम संगणकात कोष्टकाच्या रूपाने ठेवलेला असतो. ‘मार्च महिना, दुसरा रविवार, पहाटेचे दोन’ अशा स्वरूपाचा हा नियम असतो. विंडोज प्रणालीत महिन्यातील वाराचा क्रम एक ते पाच अशा अंकाने लिहितात व पाच या अंकाचा अर्थ ‘शेवटचा’ असा घेतात.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखणे आवश्यक आहे. घड्याळ बरोबर असणे ही एक गोष्ट आणि नियमांचे कोष्टक बरोबर असणे ही दुसरी. जाळ्यावरून अचूक वेळ पुरविणारी एनटीपी ही पद्धती केवळ जागतिक वेळ सांगते. उन्हाळी वेळेसंबंधी तिला काहीही ठाऊक नसते. त्यामुळे सेकंदाच्या अंशापर्यंत अचूक घड्याळ असलेला सर्व्हरही कोष्टक जुने असल्यास भिंतीवरील घड्याळापेक्षा एका तासाने वेगळी वेळ दाखवू शकतो.

पत्रावरील वेळ : ई-मेलच्या शीर्षभागात पत्र लिहिल्याची तारीख व वेळ असते. तिचे स्वरूप आरएफसी ८२२ या १९८२ च्या मानकाने ठरविले व २००१ आणि २००८ मधील सुधारित मानकांनी ते अधिक नेमके केले. या स्वरूपात स्थानिक वेळेबरोबरच वेळांतरही चार अंकांनी लिहितात, उदा., भारतातून निघालेल्या पत्रावर +०५३०. वाटेतील प्रत्येक सर्व्हरही पत्र स्वीकारताना आपली वेळ व वेळांतर यांचा शिक्का शीर्षभागात घालतो. वेळांतर सोबत असल्यामुळे पत्राचा नेमका क्षण जगात कोठेही काढता येतो.

कोष्टक जुने राहिले तरी पत्राला सहसा अपाय का होत नाही, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. २० मार्च २००७ रोजी न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा वाजले असता तेथील वेळांतर नव्या कायद्यानुसार उणे चार तास होते. म्हणजे जागतिक वेळ १४ वाजताची व भारतीय वेळ सायंकाळी साडेसात होती. नियम न बदललेला सर्व्हर त्या क्षणी ‘सकाळी नऊ, उणे पाच तास’ असा शिक्का घालीत असे. शिक्क्यातील दोन्ही अंक कायद्याच्या दृष्टीने चुकीचे असूनही त्यांची बेरीज जागतिक १४ वाजता हीच येते आणि पुण्यातील वाचकाला पत्र साडेसातलाच आलेले दिसते. दोन चुका परस्परांना छेद देतात. पत्रांचा क्रम व त्यांचे परस्परांतील अंतर यामुळे बिघडत नाही.

जुन्या पद्धतींत काही दुबळे दुवेही होते. आरएफसी ८२२ ने अंकांऐवजी कालविभागांची अमेरिकेतील संक्षिप्त नावे लिहिण्याची मुभा दिली होती. त्या नावांचा अर्थ घेणाऱ्या संगणकाला माहीत असेलच, अशी खात्री नव्हती. त्याच मानकात एकाक्षरी लष्करी कालविभागांची चिन्हे उलटी छापली गेल्यामुळे पुढील मानकांना ती अक्षरे निरर्थक मानावी लागली. युनिक्सवरील टपालपेटीच्या जुन्या संचिकांत दोन पत्रांच्या मधील विभाजक ओळीवर वेळ लिहिली जात असे. परंतु तीसोबत वेळांतर नसे. अशी संचिका दुसऱ्या कालविभागातील संगणकावर नेली, तर त्या ओळीवरील वेळ नेमकी कोणती, हे सांगता येत नाही.

दिनदर्शिकेतील वेळ : पत्रावरील वेळ घडून गेलेल्या क्षणाची असते, दिनदर्शिकेतील वेळ येणाऱ्या क्षणाची असते. घडून गेलेला क्षण बदलत नाही. येणाऱ्या बैठकीविषयी मात्र माणसाच्या मनात ‘त्या दिवशी आमच्या घड्याळात दहा वाजता’ असा संकेत असतो आणि त्या दिवशी घड्याळ काय दाखवील, हे कायद्यावर अवलंबून असते. जुन्या आज्ञावल्या एकेरी भेटीची वेळ आपल्याजवळच्या कोष्टकाने जागतिक वेळेत बदलून फक्त तेवढीच साठवीत असत. ती वेळ कोणत्या नियमाने काढली, याची नोंद राहत नसे. पुढे नियम बदलल्यावर साठविलेला क्षण तोच राही. पण तो दाखविण्याचे गणित मात्र बदले.

समजा, ऑक्टोबर २००६ मध्ये न्यूयॉर्कमधील एका कार्यालयाने २० मार्च २००७ रोजी सकाळी दहाची बैठक नोंदविली. जुन्या नियमाने ती तारीख हिवाळी वेळेत पडत असल्याने सर्व्हरवर जागतिक १५ वाजता अशी नोंद झाली. फेब्रुवारीत कोष्टक सुधारल्यावर तीच नोंद नव्या नियमाने उलगडली गेली व बैठक सकाळी अकराला दिसू लागली. ११ मार्च ते १ एप्रिल हे तीन आठवडे आणि २८ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर हा एक आठवडा, असे चार आठवडे २००७ मध्ये या दोषाच्या कक्षेत आले. दिवसभराच्या नोंदी—वाढदिवस, सुट्ट्या, रजा—याहून चमत्कारिक रीतीने बिघडल्या. त्या मध्यरात्र ते मध्यरात्र अशा साठविलेल्या असत. नव्या नियमाने त्या रात्री एक ते पुढील रात्री एक अशा झाल्या आणि एका दिवसाची सुटी दोन दिवसांवर पसरलेली दिसू लागली.

आवर्ती बैठकींची रचना वेगळी होती. दर मंगळवारी दहा वाजता अशा नोंदीचे प्रत्येक आवर्तन स्वतंत्रपणे साठविणे अशक्य असल्याने नोंदीसोबतच कालविभागाचा नियम जोडलेला असे. १९९८ च्या आयकॅलेंडर मानकातही अशा नियमाची तरतूद होती. परंतु जोडलेला नियम हा नोंद करतेवेळचा, म्हणजे जुनाच असे. त्यामुळे त्याचीही दुरुस्ती करणे भाग पडे.

२००७ मधील स्थलांतर : त्या काळी अनेक कार्यालयांत मायक्रोसॉफ्टचा एक्सचेंज २००३ हा सर्व्हर व त्याच्याशी जोडलेली आउटलुक ही आज्ञावली वापरात होती. यात नियमांची कोष्टके एकाच ठिकाणी नव्हती, ही मुख्य अडचण होती. विंडोज प्रणालीचे कोष्टक तिच्या रजिस्ट्रीत होते. एक्सचेंजमधील दिनदर्शिकेचे काम पाहणाऱ्या सीडीओ या घटकाचे स्वतःचे वेगळे कोष्टक होते. जावा भाषेतील आज्ञावल्यांना तिसरे कोष्टक लागे. आणि खिशातील ब्लॅकबेरीसारख्या यंत्रांत आणखी एक असे. यांपैकी एक जरी मागे राहिले, तरी तीच बैठक मेजावरील संगणकावर दहाला व खिशातील यंत्रावर अकराला दिसे.

दुसरी अडचण जुन्या आवृत्त्यांची होती. विंडोज २००० चा नियमित पाठिंबा जून २००५ अखेर व एक्सचेंज २००० चा डिसेंबर २००५ अखेर संपलेला होता. अशा आवृत्त्यांसाठी सुधारित कोष्टके सर्वांना विनामूल्य मिळत नव्हती. ज्यांना शुल्काचा मार्ग परवडत नव्हता, त्यांनी रजिस्ट्रीतील नियम स्वहस्ते बदलले. नियम बदलणे तुलनेने सोपे होते. आधी साठविलेल्या नोंदी सरकविणे हेच खरे कष्टाचे काम होते.

तिसरी अडचण अधिक मूलभूत होती. विंडोज एक्सपी व विंडोज सर्व्हर २००३ या प्रणालींत प्रत्येक कालविभागाला उन्हाळी वेळेचा एकच नियम ठेवण्याची सोय होती. अमुक वर्षापर्यंत हा व त्यानंतर तो, असे लिहिता येत नसे. त्यामुळे २००७ चा नियम बसविला, की तो मागील सर्व वर्षांनाही लागू होई. २० मार्च २००६ रोजी आलेले पत्र सुधारणेनंतर पडद्यावर एका तासाने उशिरा आलेले दिसे. साठविलेला क्षण शाबूत असला, तरी आधीच्या छापील प्रतीवरील वेळ व नंतरच्या प्रतीवरील वेळ यांत फरक पडे. पुरावा म्हणून पत्रव्यवहार जपणाऱ्यांच्या दृष्टीने ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नव्हती.

दुरुस्तीचा क्रम : या अनुभवातून दुरुस्तीचा एक क्रम रूढ झाला. प्रथम सर्व कोष्टकांची यादी करणे, नंतर सर्व्हर व वापरकर्त्यांचे संगणक यांच्या परिचालन प्रणाली सुधारणे, त्यापाठोपाठ ई-मेल सर्व्हरमधील स्वतंत्र कोष्टक सुधारणे आणि शेवटी बिघडलेल्या कालावधीतील नोंदी मूळ संकल्पित वेळेवर आणणे, असा तो क्रम होय. शेवटच्या पायरीस नोंदींची फेरमांडणी म्हणता येईल. ती दोन प्रकारांनी करता येई : प्रत्येक वापरकर्त्याने आपल्या संगणकावरील साधनाने स्वतःची दिनदर्शिका दुरुस्त करणे, किंवा व्यवस्थापकाने सर्व डाकपेट्यांवरील अधिकार मिळवून सर्व्हरवरून एकदम दुरुस्ती करणे. मायक्रोसॉफ्टने दोन्हींसाठी साधने पुरविली होती.

फेरमांडणीत तीन गोष्टी सांभाळाव्या लागत. पहिली, नोंद जुन्या नियमाच्या काळातील आहे की नव्या, हे ओळखणे. नियम सुधारल्यानंतर केलेली नोंद मुळातच बरोबर असते. तीही सरकविली, तर बरोबर असलेली बैठक चुकते. म्हणून कोष्टक सुधारणे व नोंदी सरकविणे यांत शक्य तितके कमी अंतर ठेवणे इष्ट ठरते. दुसरी, बैठकीचे संयोजक व निमंत्रित यांतील भेद. बैठक संयोजकाच्या नोंदीतून सरकवावी व निमंत्रितांना सुधारित निमंत्रण जावे, ही योग्य रीत होय. प्रत्येकाने आपापली प्रत स्वतंत्रपणे हलविली, तर काहींची बैठक सरकते व काहींची सरकत नाही. शिवाय बाहेरच्या संस्थांतील निमंत्रितांच्या प्रती व्यवस्थापकाच्या आवाक्यात नसतात. तिसरी, दिवसभराच्या नोंदी वेगळ्या काढून त्या पुन्हा मध्यरात्रीस आणून बसविणे.

कोणतेही साधन माणसाच्या मनातील हेतू पूर्णपणे ओळखू शकत नाही. ‘सकाळी अकरा’ अशी दिसणारी नोंद दहाची सरकलेली आहे की मुळातच अकराची आहे, हे तिच्या आकड्यावरून कळत नाही. यास्तव संक्रमणाच्या आठवड्यांत निमंत्रणाच्या मजकुरातच वेळ व गाव शब्दांनी लिहिणे आणि सुधारणेपूर्वी दिनदर्शिकेची छापील प्रत काढून ठेवणे, हे साधे उपाय उपयुक्त ठरतात. यंत्राने वेळ हलविली, तरी शब्दांत लिहिलेला संकेत हलत नाही.

घड्याळ हाताने फिरविण्याचा धोका : सुधारित कोष्टक नसल्यास सर्व्हरचे घड्याळच एक तास पुढे करावे, असा मोह होतो. वरवर पाहता हा उपाय सोपा दिसतो. वस्तुतः तो सर्वांत घातक आहे. घड्याळ फिरविल्याने पडद्यावरील स्थानिक वेळ बरोबर दिसते, पण तिच्यामागची जागतिक वेळ एका तासाने चुकते. वर दिलेल्या उदाहरणातील सर्व्हर मग ‘सकाळी दहा, उणे पाच तास’ असा शिक्का घालतो, त्याचा अर्थ जागतिक १५ वाजता असा होतो आणि पुण्यातील वाचकाला साडेसातला हाती पडलेले पत्र साडेआठला लिहिलेले दिसते. नियम न बदलण्याने जे नुकसान झाले नव्हते, ते या उपायाने होते. एक्सचेंज ज्यावर अवलंबून असतो, त्या विंडोजच्या जाळ्यात ओळख पटविण्यासाठी कर्बेरॉस ही पद्धती वापरतात. तीत दोन संगणकांच्या घड्याळांत साधारणतः पाच मिनिटांपेक्षा अधिक फरक चालत नाही. एक तास पुढे केलेला सर्व्हर त्यामुळे इतरांकडून अनोळखी ठरून वापरकर्त्यांचा प्रवेशच बंद पडू शकतो. घड्याळास हात न लावता कोष्टक दुरुस्त करणे, हाच योग्य मार्ग होय.

युनिक्स प्रणालीवरील सर्व्हर : युनिक्स व लिनक्स प्रणालींवरील सर्व्हरना कालविभागांची माहिती टीझेड या सार्वजनिक माहितीसाठ्यातून मिळते. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० नंतरच्या दशकात त्याचे काम सुरू केले, पॉल एगर्ट यांनी ते पुढे नेले आणि २०११ पासून तो आयाना या संस्थेच्या छत्राखाली प्रसिद्ध होतो. यात प्रत्येक ठिकाणाचा वेळेविषयक इतिहास वर्षवार दिलेला असल्याने नव्या नियमामुळे जुन्या पत्रांची वेळ बदलत नाही. माहितीसाठ्याची संचिका एका संगणकावरून दुसऱ्यावर नेता येत असल्याने निर्मात्याचा पाठिंबा संपलेल्या जुन्या सर्व्हरवरही ती स्वतः तयार करून बसविता येते.

तथापि येथेही दोन खाचखळगे आहेत. दीर्घकाळ चालू असलेली आज्ञावली सुरू होताना एकदाच कोष्टक वाचून स्मृतीत ठेवते. संचिका बदलली तरी ती आज्ञावली बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय नवा नियम तिच्या ध्यानात येत नाही. तसेच सुरक्षिततेसाठी काही टपाल-आज्ञावल्या एका बंदिस्त निर्देशिकेत चालविल्या जातात व कोष्टकाची वेगळी प्रत त्या निर्देशिकेत ठेवलेली असते. मुख्य प्रत बदलून ही प्रत विसरली गेली, तर त्याच संगणकावरील दोन नोंदवह्यांत एका तासाचा फरक दिसतो.

गाळलेला व दुहेरी तास : उन्हाळी वेळ सुरू होताना अमेरिकेत पहाटेच्या दोननंतर लगेच तीन वाजतात, अडीच ही वेळ त्या दिवशी येतच नाही. ती संपताना एक ते दोन हा तास दोनदा येतो. नियोजित वेळी आपोआप चालणारी कामे—डाकपेट्यांच्या सुरक्षित प्रती काढणे, जुनी पत्रे हटविणे—या तासांत ठेवली असल्यास वसंतात ती गळण्याचा व शरदात दोनदा होण्याचा संभव असतो. सर्व्हरची नोंदवही स्थानिक वेळेत व वेळांतराविना लिहिली जात असेल, तर दीड वाजताची नोंद पहिल्या दीडची की दुसऱ्या, हे नंतर ठरविता येत नाही. म्हणून नोंदवह्या जागतिक वेळेत ठेवणे व महत्त्वाची कामे या तासांबाहेर लावणे श्रेयस्कर मानले जाते.

आयत्या वेळचे निर्णय : अमेरिकेतील बदलास दीड वर्षाहून अधिक पूर्वसूचना होती. सर्वत्र तशी ती मिळतेच असे नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २००६ मध्ये कायदा संमत होऊन ३ डिसेंबरपासून उन्हाळी वेळेचा प्रयोग सुरू झाला. मे २००९ मधील सार्वमतात तो नाकारला गेला. तुर्कस्तानात २०१५ मध्ये निवडणुकीमुळे घड्याळे मागे करणे दोन आठवडे लांबणीवर टाकले गेले. ईजिप्तमध्ये जुलै २०१६ मध्ये उन्हाळी वेळ सुरू होण्यास काहीच दिवस उरले असताना ती रद्द झाली. लेबाननमध्ये मार्च २०२३ मध्ये शासनाने ती ऐनवेळी पुढे ढकलली. काहींनी तो निर्णय मानला नाही व काही दिवस देशात दोन वेळा प्रचलित राहिल्या. अखेर शासनाने निर्णय मागे घेतला. अशा प्रसंगी सुधारित कोष्टक वेळेवर पोहोचणे नव्या सर्व्हरच्या बाबतीतही कठीण असते. जुन्यांच्या बाबतीत नियम स्वहस्ते बदलणे एवढाच पर्याय उरतो.

भारतातील परिणाम : भारतात उन्हाळी वेळ नसली, तरी परदेशांशी व्यवहार करणाऱ्या पुणे, मुंबई व अन्य शहरांतील कार्यालयांना तिचा हिशेब ठेवावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये सकाळी नऊला होणारी बैठक भारतात हिवाळ्यात सायंकाळी साडेसातला, तर उन्हाळ्यात साडेसहाला येते. आवर्ती बैठक कोणाच्या कालविभागात नोंदविली, यावर ती कोणासाठी सरकणार हे ठरते. न्यूयॉर्कच्या संयोजकाने नोंदविली असल्यास मार्चमध्ये पुण्यातील वेळ बदलते. पुण्याच्या संयोजकाने साडेसातला नोंदविली असल्यास पुण्यात ती स्थिर राहते व न्यूयॉर्कमध्ये दहावर जाते. अमेरिका व यूरोप यांच्या तारखा भिन्न असल्याने मार्चमध्ये दोन किंवा तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा लंडन व न्यूयॉर्क यांतील अंतर पाचऐवजी चार तास असते. तिन्ही ठिकाणच्या माणसांची एकत्र बैठक असेल, तर या आठवड्यांत ती कोणाला तरी नेहमीपेक्षा वेगळ्या वेळी येतेच. हा सर्व्हरचा दोष नव्हे. पण सर्व्हरचे कोष्टक जुने असेल, तर हा नैसर्गिक फरक व यंत्राची चूक एकमेकांत मिसळतात आणि चूक शोधणे अवघड होते.

नंतरच्या सुधारणा : विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक वर्षासाठी वेगळा नियम ठेवण्याची सोय झाली. आउटलुक २००७ पासून एकेरी भेटीसोबतही ती कोणत्या कालविभागात ठरली, याची नोंद ठेवली जाऊ लागली. त्यामुळे नियम बदलल्यास मूळ संकेत पुन्हा काढणे शक्य झाले. आयकॅलेंडर मानकाची सुधारित आवृत्ती २००९ मध्ये निघाली. एक्सचेंज २००३ चा पाठिंबा एप्रिल २०१४ मध्ये, एक्सचेंज २००७ चा एप्रिल २०१७ मध्ये व एक्सचेंज २०१० चा ऑक्टोबर २०२० मध्ये संपला. अनेक संस्थांनी आपली टपालव्यवस्था दूरस्थ सेवा पुरविणाऱ्यांकडे सोपविल्याने कोष्टके सुधारण्याची जबाबदारीही तिकडे गेली. तथापि पाठिंबा संपलेला सर्व्हर आपोआप बंद पडत नाही. तो पत्रे घेत व देत राहतो. मात्र रशियाने २०११ व २०१४ मध्ये, ब्राझीलने २०१९ मध्ये आणि मेक्सिकोच्या बहुतेक भागाने २०२२ मध्ये केलेले बदल त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाहीत. अशा सर्व्हरवर ज्यांची कामे अवलंबून आहेत, त्यांनी कोष्टक शेवटचे केव्हा सुधारले, हे वर्षातून किमान एकदा तपासणे आवश्यक ठरते.

या साऱ्या अनुभवातून आज्ञावल्यांच्या रचनेविषयी एक तत्त्व मान्यता पावले आहे. घडून गेलेल्या गोष्टीची वेळ जागतिक वेळेत साठवावी. होऊ घातलेल्या गोष्टीची वेळ मात्र स्थानिक वेळ व ठिकाण यांच्या जोडीने साठवावी आणि जागतिक वेळ प्रत्यक्ष प्रसंगाच्या वेळी त्या दिवशीच्या नियमाने काढावी. जुन्या सर्व्हरांनी भविष्यातील बैठकीचेही रूपांतर आगाऊ करून ठेवले व मूळ संकेत टाकून दिला. त्यांच्या घड्याळात दोष नव्हता. कायदा बदलणार नाही, हे त्यांच्या रचनेतील गृहीतक मात्र टिकले नाही.